मासे पाळणाऱ्यांच्या बाजूने एक नावाजलेली धावपटू बोलायला तयार आहे, तिने नेमकं काय बोलावं?

तळ्यावरचा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, सांभाळून घ्या, चार दिवस डोक्यात हेच चाललंय.

आम्ही काही मत्स्यशेतकरी मिळून एक गट चालवतो. तळ्यातले मासे, जास्त करून तिलापिया, थोडे कार्प. मासा चांगला वाढतो, पाणी रोज तपासतो, पाण्यात हवा सोडणारा एरेटर रात्रभर चालू असतो, पण विकायला गेलो की "पाळलेला का? मग नको" हे ऐकावं लागतं. मागे एका बाईंनी मासा हातात घेतला, कल्ले उघडून बघितले, डोळे बघितले, छान ताजा आहे म्हणाल्या, आणि तळ्यातला आहे कळल्यावर खाली ठेवून निघून गेल्या. मासा तोच, दोन मिनिटांत वाईट कसा झाला? त्या दिवसापासून ते मनातून जात नाहीये.

लोकांच्या डोक्यात तीनच गोष्टी असतात, घाण पाणी, इंजेक्शनं आणि हार्मोन. आणि दुसरीकडे बघा, एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ चे आकडे आहेत, त्या वर्षी जगात पाळलेले जलचर प्राणी ९ कोटी ४४ लाख टन झाले आणि पकडलेले ९ कोटी १० लाख टन. म्हणजे पाळलेल्याने पकडलेल्याला पहिल्यांदाच मागे टाकलं. निम्म्याहून जास्त मासे पाळलेले आहेत आणि आम्ही अजून तोंड लपवून विकतोय.

आता मुद्दा. आमच्यातल्या एकाच्या ओळखीतून एक लांब पल्ल्याची धावपटू आमच्यासाठी बोलायला तयार झालीये. नाव इथे लिहीत नाही. आता स्पर्धेत उतरत नाही, पण लोकांच्या मनात तिच्याबद्दल फार आदर आहे, कधी वावगं बोलली नाही, कधी कशाची जाहिरात केली नाही. गटातल्या दोघातिघांचं म्हणणं की तिचा मोठा फोटो, हातात मासा आणि खाली "माझ्या ताकदीचं रहस्य" असं काहीतरी टाकायचं. मला ते काही पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगताही येत नाहीये. तिचा आवाज एकदाच वापरायला मिळणार, तो वाया गेला तर परत नाही. तिने काय बोलावं, काय बोलू नये, पैसे द्यावे की नाही, ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

जाहिरातीतली

१४ वर्षं जाहिरात एजन्सीत काढलीत, त्यातली बरीच खेळाडूंबरोबर, म्हणून लिहितेय. तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे दादा, तो फोटो करू नका.

कारण असं. माणूस एखाद्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो तेव्हा मनात दोन गोष्टी तपासतो, याला यातलं कळतं का आणि हा खरं बोलतोय का. होवलंड वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या आसपास हे मांडलं आणि आमचा सगळा धंदा अजून त्याच्याच भोवती फिरतो. तुमच्या धावपटूकडे दुसरी गोष्ट भरपूर आहे. पहिली अर्धीच आहे, तिला शरीरातलं कळतं, तळ्यातलं नाही. तिने "या माशाचं पाणी स्वच्छ आहे" म्हटलं की ऐकणारा लगेच म्हणणार, हिला काय माहीत, पैसे दिले असतील. आणि मग तिची जी दुसरी गोष्ट आहे ना, खरेपणाची, तीच खर्च व्हायला लागते.

खेळाडूचं वजन येतं कुठून ते बघा. पुलेला गोपीचंदने २००१ मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि नंतर कोलाची जाहिरात नाकारली, कारण जे आपण पीत नाही ते दुसऱ्याला प्या कसं सांगायचं. इतकी वर्षं झाली, लोक अजून ते सांगतात. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन ७ नोव्हेंबर १९९१ ला उभा राहिला आणि म्हणाला मला एचआयव्ही आहे, त्यानंतर हेल्पलाइनवर फोनचा पूर आला, लोक तपासणीला यायला लागले. डॉक्टर तेच वर्षानुवर्षं सांगत होते की. फरक एवढाच की तो स्वतःच्या शरीराबद्दल बोलत होता आणि त्यात त्याचा फायदा काहीच नव्हता, उलट गमावण्यासारखं सगळं होतं.

तर तिला साक्षीदार करू नका, प्रश्न विचारणारी करा. तिने तळ्यावर यावं आणि जे प्रश्न त्या बाईंच्या मनात होते तेच विचारावे, कॅमेऱ्यासमोर, आणि उत्तरं तुम्ही द्यायची. तुमच्याकडे ज्ञान आहे पण विश्वास नाही, तिच्याकडे उलटं. दोन्ही एका फ्रेममध्ये आली पाहिजेत.

अजून दोन गोष्टी पटकन. मोठ्या चेहऱ्याने माल झाकला जातो, आमच्यात त्याला व्हॅम्पायर इफेक्ट म्हणतात, लोकांना खेळाडू आठवतो आणि कशाची जाहिरात होती ते आठवत नाही. आणि पैसे दिले तर पहिल्या वाक्यात सांगा की दिलेत. न सांगता दिले आणि नंतर बाहेर आलं तर मासाही गेला आणि तीही गेली.

लेन_चार

मी पोहण्याची कोच आहे, त्याआधी स्वतः बरीच वर्षं स्पर्धेत होते. वरच्या ताईंनी प्रश्न विचारायला लावा म्हटलंय ते शंभर टक्के, आणि एक प्रश्न मी देते जो कुठलाही खेळाडू पहिला विचारेल. तिलापिया म्हणालात ना, मग बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, सगळी नर असणार. ते नर कसे केले?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिलापियाच्या पिल्लांना मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन खाद्यातून देतात म्हणजे सगळी नर होतात. आणि मिथाइल टेस्टोस्टेरॉन वाडाच्या, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या बंदी यादीत आहे, अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडमध्ये. आम्हा लोकांना एकच नियम कोरून ठेवायला सांगतात की शरीरात जे सापडलं त्याला तू जबाबदार, कसं आलं ते नंतर बघू. अन्नातून येणं ही काही कल्पना नाहीये. २०११ मध्ये मेक्सिकोत १७ वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये २०८ नमुन्यांपैकी १०९ मध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध निघालं होतं, आणि ते आलं होतं मांसातून. पोरांची काही चूक नव्हती. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात ताटात काय येतं याची भीती आहे, आणि ती भीती खरी आहे.

म्हणून सांगते, ही भीती लपवू नका, ती तुमची सगळ्यात भारी गोष्ट आहे. सामान्य माणूस "हार्मोन" म्हणतो तेव्हा तुम्ही त्याला अडाणी समजून सोडून देता. पण जिचं करिअर एका लघवीच्या नमुन्यावर उभं होतं ती बाई तोच प्रश्न विचारते तेव्हा त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर जर खरंच समाधानकारक असेल तर ऐकणाऱ्याचंही समाधान होतं. तुमच्याकडे उत्तर आहे का?

आणि ओमेगा ३ बद्दल काही बोलू नका प्लीज. तिलापियात ते फार थोडं असतं. साल्मनमध्ये भरपूर असतं, पण तिथेही खाद्यावर अवलंबून, स्टर्लिंग विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की स्कॉटलंडच्या पाळलेल्या साल्मनमधलं ओमेगा ३ दहा वर्षांत जवळजवळ निम्मं झालं होतं, कारण खाद्यात माशाच्या तेलाऐवजी वनस्पतींचं तेल वाढलं. तरी ते पुष्कळच होतं, पण मुद्दा असा की "मासा म्हणजे ओमेगा ३" एवढं सरळ नाही. तुमच्या माशात चांगलं प्रोटीन आहे, चरबी कमी आहे, बी १२ आहे. तेवढं पुरे आहे, तेवढंच बोला.

तळ्यावरचा

ताई, खरं सांगतो, तुमचा प्रश्न वाचून दोन तास उत्तर लिहिता आलं नाही. बीज आम्ही हॅचरीतून, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातून आणतो, ऑल मेल म्हणून आणतो, कसं करतात ते ऐकून माहीत होतं पण किती देतात, कधी बंद करतात, हे इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. आणि मीच लोकांना सांगत होतो की हार्मोन वगैरे काही नसतं. म्हणजे मी न कळत खोटं बोलत होतो. आज हॅचरीला फोन केला, ते म्हणाले पहिले २१ दिवस. याच्यापुढे कोणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा.

मत्स्यजिरे

मी हॅचरीत काम करतो, शिक्षण मत्स्यविज्ञानातलं, तर क्रमाने सांगतो.

नर का लागतात? तिलापियाची मादी फार लवकर अंड्यावर येते, तळ्यात नर मादी एकत्र ठेवले की पिल्लांवर पिल्लं होत जातात, तळं बारक्या माशांनी भरतं आणि कोणीच मोठं होत नाही. नर वाढतोही जास्त. म्हणून पिल्लू साधारण सेंटीमीटरभर लांब असताना, जेव्हा त्याचं लिंग अजून पक्कं झालेलं नसतं, तेव्हा खाद्यात औषध मिसळून देतात, एक किलो खाद्याला साधारण ६० मिलिग्रॅम, २१ ते २८ दिवस. त्यानंतर पूर्ण बंद. परत कधीच नाही, द्यायचं कारणच नाही कारण लिंग एकदा ठरलं की ठरलं.

आता हिशोब बघा. औषध बंद होतं तेव्हा पिल्लू ग्रॅमभरही नसतं. तुम्ही काढता तेव्हा ते ५०० ग्रॅमचं असतं. मध्ये कित्येक महिने गेले. माशाच्या शरीरातून ते औषध थोड्या दिवसांतच बाहेर पडतं, आणि वर वजन शेकडो पटीने वाढलेलं. खाणाऱ्यापर्यंत काही पोचत नाही म्हणतात ते यामुळे. लेन_चार ताईंनी मांसाचं उदाहरण दिलं तिथे उलटं असतं, क्लेनब्युटेरॉल कापण्याच्या आधीच्या दिवसांत देतात, वजन आणि मांस वाढवायला, म्हणून ते ताटात येतं.

पण हे सांगताना अर्धंच सांगू नका. धोका आहे, तो खाणाऱ्याला नाही, हॅचरीत आहे. ते खाद्य मिसळणाऱ्याने हातमोजे आणि मास्क घातलाच पाहिजे, सगळीकडे घालतात असं नाही, मी स्वतः बघितलंय. आणि ते पाणी तसंच नाल्यात सोडलं तर बाहेरच्या माशांवर परिणाम होऊ शकतो. दुसरा रस्ताही आहे, वायवाय नर म्हणतात तो, असे नर तयार करायचे की त्यांची पिल्लं जवळजवळ सगळी नरच निघतात, मग खाण्याच्या माशाला हार्मोन दाखवावंही लागत नाही. तुमच्या गटाने हॅचरीला विचारावं की पाण्याचं काय करता आणि असं बीज मिळेल का. खरेदीदाराने विचारलं की हॅचरीवाले ऐकतात.

आणि इंजेक्शनचं पण सांगून टाकतो कारण ते सगळ्यात गमतीशीर उलटं झालंय. लोकांना वाटतं इंजेक्शन म्हणजे वाईट. नॉर्वेत १९८७ ला साल्मनच्या शेतीत जवळपास ५० टन अँटिबायोटिक वापरलं होतं. मग लस आली, एकेका पिल्लाला सुई टोचून, आणि आता उत्पादन तेव्हापेक्षा कितीतरी पट झालंय, १० लाख टनांच्याही पुढे, पण अँटिबायोटिक वर्षाला एक टनाच्याही खाली आलंय. म्हणजे इंजेक्शनमुळेच औषध गेलं. चिलीत मात्र साल्मनला वर्षाला शेकडो टन अँटिबायोटिक लागत आलंय, तिथल्या एका रोगावर लस तितकी चालत नाही. मासा तोच, देश बदलला की गोष्ट बदलते.

खारं_पाणी

मी समुद्री पर्यावरणात काम करते आणि मला या सगळ्या कल्पनेचीच काळजी वाटतेय, राग मानू नका.

तुम्ही चांगले असाल. पण तुमची धावपटू जेव्हा म्हणेल "पाळलेला मासा चांगला" तेव्हा ते वाक्य तुमच्या तळ्यापुरतं राहणार नाही. पाळलेला मासा ही एक गोष्ट नाहीच. शिंपले आणि समुद्री शेवाळ पाळायला वरून खाद्यच लागत नाही, शिंपले उलट पाणी गाळतात. कार्प बराचसा तळ्यात उगवतं त्यावर वाढतो. साल्मन उघड्या पिंजऱ्यात समुद्रात असतो, त्याची विष्ठा आणि त्याच्यावरच्या उवा थेट समुद्रात. कोळंबीसाठी खारफुटी तोडली गेली हेही मत्स्यशेतीच. या सगळ्याला एकच सर्टिफिकेट ती देणार का?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात साल्मनचा एक मोठा पिंजरा कोसळला. कंपनीने आधी सांगितलं की काही हजार मासे सुटले आणि भरतीच्या लाटांवर खापर फोडलं. राज्याने चौकशी केली तेव्हा आकडा २ लाखांच्या वर निघाला आणि कारण निघालं न साफ केलेली जाळी. पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून तो धंदा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये आइसलँडला एका पिंजऱ्याला भोकं पडून ३,५०० च्या आसपास मासे सुटले आणि जंगली साल्मनच्या नद्यांत शिरले, मग पाणबुडे आणून एकेक शोधून मारावे लागले. त्यानंतर ब्योर्क या गायिकेने तिथल्या पिंजऱ्यांविरुद्ध गाणं काढून त्याचे पैसे कोर्टातल्या लढाईला दिले. म्हणजे मोठा आवाज दोन्ही बाजूंना वापरता येतो, आणि ब्योर्कच्या बाजूला निदान विकायला काही नव्हतं.

मी मत्स्यशेतीच्या विरोधात नाही. २००० साली रोझामंड नेलर आणि सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञान साप्ताहिकात लिहिलं होतं की खाद्यासाठी समुद्रातले छोटे मासे मारून आपण मासे पाळतोय, याने समुद्रावरचा ताण कमी होणार कसा. २०२१ मध्ये त्यांनीच २० वर्षांचा आढावा घेतला आणि मान्य केलं की खाद्यातलं माशाचं प्रमाण खूप कमी झालंय, गोड्या पाण्यातल्या शेतीने लोकांना खरंच अन्न दिलंय, पण रोग, प्रदूषण हे प्रश्न संपलेले नाहीत. टीका करणाऱ्या माणसाने पुरावा बघून मत बदललं आणि जे बदललं नाही तेही सांगितलं. तुमच्या धावपटूला बोलायचंच असेल तर असं बोलावं.

तळ्यावरचा

राग कशाला मानू, तुम्ही लिहिलंत म्हणून एक वाक्य आत्ताच कापलं. आमच्या मसुद्यात "मत्स्यशेती म्हणजे भविष्य" होतं. आता "या तळ्यातला मासा" एवढंच राहील, दुसऱ्यांच्या पिंजऱ्याची हमी आम्ही कुठून देणार.

रविवार_मासे

मी फक्त खाणारी आहे, यातलं काही कळत नाही, पण एक विचारू का. हार्मोन, समुद्र वगैरे ठीक आहे हो, पण मी पाळलेला मासा सोडला तो मातीचा वास येतो म्हणून. दोनदा आणला, दोनदा तसाच. त्या धावपटूने कितीही सांगितलं तरी वास आला की मी परत घेणार नाही.

मत्स्यजिरे

ताई, तुम्ही म्हणताय तो वास खरा आहे आणि त्याला नाव आहे, जिओस्मिन. पहिल्या पावसाला जमिनीचा जो वास येतो त्यातही तेच असतं. तळ्यात निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते बनवतात, माशाच्या कल्ल्यांतून आत जातं आणि चरबीत बसतं. आपलं नाक याला इतकं तिखट आहे की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. खायला घातक नाही पण वास तो वास.

उपाय आहे आणि सोपा आहे, फक्त कष्टाचा. विकायच्या आधी मासे स्वच्छ वाहत्या पाण्यात, खाद्य बंद करून, काही दिवस ठेवायचे, वास हळूहळू उतरतो. पण त्यात माशाचं वजन थोडं घटतं, टाकी लागते, म्हणून बरेच जण करत नाहीत. तळ्यावरचा दादा, तुम्ही करता का?

तळ्यावरचा

पाण्याला वास आला तर करतो, दर वेळेस नाही. वजन घटतं तेच कारण. गटात आज बोललो, आता प्रत्येक वेळेस आधी दोन मासे शिजवून बघायचे आणि वास असेल तर ती खेप टाकीतच राहणार असं ठरलंय. दोघांनी कुरकुर केली. पण ताई म्हणतात ते बरोबर, धावपटूच्या शब्दावर मासा एकदा घेतील, दुसऱ्यांदा चवीवरच.

जाहिरातीतली

बघा, चार दिवसांपूर्वी तुम्ही विचारत होतात की तिने काय बोलावं आणि आता टाकी साफ करताय. मला हे फार आवडलं. एजन्सीत आम्हाला याचा अधिकार कधीच नसायचा, माल आहे तो आहे, तुम्ही फक्त बोलतं करा.

ती तळ्यावर कधी येतेय? कॅमेरा न लावता आधी एकदा येऊ द्या.

तळ्यावरचा

ती काल येऊन गेली. कॅमेरा नव्हता. सगळं सविस्तर सांगतो.

पहाटे आली, पाच वाजता, तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, मीटर हातात दिला, तिनेच आकडा वाचला. तिला ते लगेच कळलं, उंचीवर सराव करताना काय होतं ते सांगायला लागली. हार्मोनचं मी आपणहून सांगितलं, २१ दिवस, का, किती, हॅचरीच्या पाण्याचं काय, आणि हेही सांगितलं की परवापर्यंत मलाच माहीत नव्हतं. ती गप्प ऐकत होती, मग म्हणाली की तुम्ही "काही नसतं" म्हणाला असतात तर मी इथूनच परत गेले असते.

मग जाळं फिरवलं, मासे बाहेर काढले, क्रेटमध्ये टाकले, नेहमीसारखं. आणि ती क्रेटपाशी उभी राहिली, बराच वेळ. मासे उडत होते. तिने विचारलं, हे मरतात कसे?

मी म्हटलं म्हणजे, बाहेर काढले की मरतात. किती वेळाने? मी म्हटलं तिलापिया चिवट असतो, वेळ लागतो. ती म्हणाली म्हणजे गुदमरून. मी काही बोललो नाही. आमच्यातले सगळे गप्प झाले कारण आम्ही हे रोज बघतो आणि कधी बघितलंच नव्हतं असं वाटलं. ती चिडली नाही हां, शांतपणे म्हणाली, मी आयुष्यभर श्वास पुरत नसताना धावलेय, मला शेवटचा एक मिनिट कसा असतो ते माहीत आहे, पण मला माहीत असायचं की रेषेपलीकडे श्वास आहे. मग म्हणाली बाकी सगळ्यावर मी बोलायला तयार आहे, पण हे असंच असेल तर माझ्याकडून नाही होणार.

व्हिडिओ पुढे ढकललाय. मोठा फोटो हवा म्हणणाऱ्यांनी विचारलं की क्रेट फ्रेमच्या बाहेर ठेवू, कोणाला कळणार आहे. मी नाही म्हणालो.

लेन_चार

अंगावर काटा आला वाचून.

एक गोष्ट सांगते, ही दयेपुरती नाहीये, मांसालाही लागू आहे. मासा तडफडतो तेव्हा स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं आणि ती जाळताना बनणारं लॅक्टेट साठतं, अगदी आमच्या ४०० मीटरवाल्यांसारखं. जिवंत माणसात ते लॅक्टेट रक्त घेऊन जातं आणि शरीर ते इंधन म्हणून वापरतं, त्यामुळे लॅक्टिक अ‍ॅसिडनेच पाय दुखतात वगैरे आता जाणकार म्हणत नाहीत. पण मेलेल्या माशात ते न्यायला रक्तच फिरत नाही, मग मांसात आम्ल वाढतं, ते, लवकर ताठरतं आणि लवकर मऊ पडतं. तिला हे सांगा, तिला दोन सेकंदांत कळेल.

मत्स्यजिरे

बरोबर आहे. आणि याचे नियमही लिहिलेले आहेत, प्राण्यांच्या आरोग्याची जी जागतिक संघटना आहे, वोआह, तिच्या जलचरांच्या संहितेत पाळलेला मासा मारण्यावर वेगळं प्रकरण आहे. आधी बेशुद्ध करायचं, विजेने किंवा डोक्यावर फटक्याने, मग मारायचं. हवेत गुदमरवणं किंवा शुद्धीत असताना बर्फात टाकणं हे त्यात चांगलं धरलेलं नाही. मोठ्या ठिकाणी यंत्रं असतात. तुमच्यासारख्या गटाला फटका जमण्यासारखा आहे, पण शिकावा लागतो, अर्धवट लागला तर अजून वाईट.

तळ्यावरचा

आमच्यातले दोघं शिकायला तयार आहेत, त्यातला एक तोच ज्याला तिचा मोठा फोटो हवा होता. पुढच्या खेपेला कमी मासे काढायचे, एकेक करून, मग बर्फ. वेळ लागेल, लागू दे. तिला कळवलंय, ती म्हणाली की त्या दिवशी परत येते, आधी स्वतः बघते आणि मग ठरवू. पैसे नको म्हणाली, येण्याजाण्याचा खर्च मात्र आम्ही देणार आणि व्हिडिओत तसं सांगणार.

आता मला फक्त हे सांगा, ५०० ग्रॅमच्या तिलापियाला फटका नेमका कुठे आणि बसला की नाही ते ओळखायचं कसं?

मत्स्यजिरे

डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला, मेंदू तिथे असतो. मासा ओल्या कापडाने घट्ट धरा, डोकं टेकवून ठेवा, लाकडी दांडकं आखूड आणि जड घ्या, एकच फटका, घाबरत हळू मारू नका. मग दोन गोष्टी बघा. कल्ल्यांची उघडझाप पूर्ण थांबली पाहिजे. आणि मासा हातात आडवा-उभा फिरवून बघा, शुद्धीत असेल तर डोळा फिरून सरळ राहायचा प्रयत्न करतो, बेशुद्ध असेल तर डोळा डोक्याबरोबरच फिरतो. यातलं एकही चुकलं तर लगेच दुसरा फटका. ते झाल्यावरच कल्ले कापून रक्त काढायचं आणि मग बर्फात.

पहिले वीसेक मासे एकट्याने करू नका, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने डोळा बघायचा.